बाकी सगळ्यांची उघडते

'सर, लिंक उघडत नाही.'

एम.ए. अर्थशास्त्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही ओळ आली तेव्हा मी काउंटरवर बसून नव्या पुस्तकांना लेबलं चिकटवत होतो. ओळीच्या वर विभागप्रमुख देवकर सरांनी पाठवलेली लिंक होती, चांगली पाच ओळी लांब. तिच्याखाली अठरा जणांचे 'धन्यवाद सर' आणि जोडलेले हात. सरांची लिंक दहा वाजून चार मिनिटांनी आलेली. पहिला 'धन्यवाद सर' सुद्धा दहा वाजून चार मिनिटांनीच. पंधरा पानांचा इंग्रजी लेख मिनिटाच्या आत वाचून आभार मानणारी मुलं आमच्या कॉलेजात आहेत, याचा खरं तर मला अभिमान वाटायला हवा होता.

सरांचं उत्तर लगेच आलं. 'बाकी सगळ्यांची उघडते. आपले नेट तपासा.'

त्याखाली सहा जणांनी लिहिलं, 'हो सर, उघडते.'

मी माझ्या फोनवर ती लिंक दाबून पाहिली. उघडली नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एवढंच आलं की तुमचं सेशन संपलं आहे. मी फोन खिशात ठेवला आणि पुढचं लेबल उचललं.

मी या कॉलेजचा ग्रंथपाल. हायवे सोडून थोडं आत आमचं कॉलेज आहे. यवतपासून पार शिरूरच्या बाजूपर्यंतची मुलं येतात. माझी नोकरी बरीचशी झाली, थोडी उरली आहे. कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर मला घेतलं आहे ते लायब्ररीच्या लिंकचं काही अडलं तर मी सांगावं म्हणून. त्या दिवशी अडलं होतं आणि मी सांगितलं नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात मी इथून धरतो. देवकर सर कुठून धरतात ते माहीत नाही. बहुतेक ते धरतच नाहीत.

लिंकचं थोडं समजावून सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे. लायब्ररी आता फक्त कपाटात नसते. कॉलेज वर्गणी भरतं आणि परदेशातल्या, देशातल्या मासिकांमधले लेख विद्यार्थ्यांना फोनवर वाचता येतात. त्यासाठी प्रत्येकाला एक आयडी आणि पासवर्ड मिळतो. लेख सापडला की त्याचा पत्ता दोन ठिकाणी दिसतो. एक, स्क्रीनच्या वर, अ‍ॅड्रेस बारमध्ये. हा लांबलचक असतो, कारण त्यात लेखाबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त लिहिलेलं असतं. कोण आलं, कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं, आत्ता काय शोधत होतं. याला सेशन लिंक म्हणतात. तुम्ही उठून गेलात की थोड्या वेळात ती मरते. दुसरा पत्ता लेखाच्या बाजूला, साखळीच्या छोट्या चित्राखाली असतो. ती पर्मालिंक, म्हणजे कायमची लिंक. ती कोणालाही पाठवा, कधीही दाबा. आयडी-पासवर्ड विचारते आणि लेखावर नेऊन सोडते.

पाहुण्याला फोनवर घर सांगताना आपण म्हणालो की लाल जीप उभी आहे तिच्या समोर, तर जीप हलेपर्यंतच ते घर सापडणार. गट नंबर सांगितला तर दहा वर्षांनीही सापडेल. देवकर सर जीप सांगत होते.

यात सर खोटं बोलत नव्हते. ते स्वतःच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून बसलेले असायचे. तिथे ती लिंक उघडायची. त्यांना उघडते म्हणजे सगळ्यांना उघडते, असा त्यांचा हिशेब. आणि खाली अठरा जोडलेले हात आले की तो हिशेब पक्का व्हायचा. आमच्याकडे ग्रुपवर सरांनी काही पाठवलं की आधी नमस्कार करायचा, ही रीत आहे. उघडून बघायची रीत नाही.

ती ओळ लिहिणारी करुणा. खुटबावची. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पदरात एक मुलगा. एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला होती. आमची लायब्ररी पाचला बंद होते आणि तिची शिफ्ट सुटून बस गावात येईपर्यंत पाच वाजून जायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तेवढा एक दिवस ती लायब्ररीत यायची. त्या गुरुवारीही आली.

"सर, माझ्या एकटीचंच नेट खराब हाय का?" तिने फोन काउंटरवर ठेवला. काच कोपऱ्यात तडकलेली. "कंपनीतल्या दोघींच्या फोनवर पण बघितलं. न्हाई उघडत."

"नेट बरं आहे तुझं. लिंकच मेलेली आहे."

"मग बाकीच्यांची कशी उघडती?"

"बाकीच्यांनी दाबूनच पाहिलेली नाही."

तिला हे पटायला थोडा वेळ लागला. "मग 'हो सर' कशापायी म्हणत्यात?"

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "तुम्ही ग्रुपवर सांगा ना सर. माझं कोण ऐकतंय तिथं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. त्याऐवजी मी कामाला लागलो, कारण काम करणं मला बोलण्यापेक्षा नेहमीच सोपं गेलं आहे. सरांनी पाठवलेल्या सगळ्या लेखांची नावं मी शोधून काढली, एकेकाची पर्मालिंक घेतली, आणखी काही लेख माझ्याकडून घातले आणि लायब्ररीच्या वेबसाइटवर एक पान बनवलं. एकतीस लेख, एकतीस लिंक. करुणाच्या फोनमध्ये पीडीएफ ठेवायला जागा नव्हती. मुलाच्या व्हिडिओंनी फोन भरलेला. लिंकला जागा लागत नाही. "एक लेख म्हंजी एक ओळ," ती खूश होऊन म्हणाली. तिने ते पान फोनवर समोरच लावून घेतलं. कंपनीच्या बसमध्ये जाताना थोडा, येताना थोडा, असा एकेक करून तिने सगळे लेख वाचले. समजलं नाही ते दोनशे पानी वहीत लिहून आणायची आणि गुरुवारी विचारायची. मला तरी सगळं कुठं समजायचं! दोघं मिळून डिक्शनरी काढून बसायचो. एवढ्या वर्षांत त्या वाचनकक्षात बसून मी इतकं मनापासून फार थोड्या जणांबरोबर वाचलं असेल.

देवकर सरांना मी सांगून बघितलं. स्टाफरूममध्ये, चहा घेताना, दुसरं कोणी नाही असं बघून. "सर, बाजूला ते साखळीचं चिन्ह असतं. तिथून लिंक घेतली तर मुलांना बरं पडेल."

"साळवे," सर म्हणाले, "तुम्ही पुस्तकं बघा. टेक्निकल मी बघतो. माझा कोर्स झालाय त्याचा."

मी चहा संपवला.

करुणाच्या प्रोजेक्टचा विषय तिने स्वतः निवडला होता. कंत्राटावर पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांचे कामाचे तास आणि मजुरी. बाकीच्यांनी विषय गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टमधून उचलले होते. हिने तिच्याबरोबर बसमध्ये येणाऱ्या अठ्ठावीस बायकांशी बोलून लिहिलं. एक प्रकरण मला वाचायला दिलं. मी ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही मुलगी मास्तरीण व्हायला पाहिजे.

ती होणारच होती. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच ती सेट पास झाली होती. सेट म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची परीक्षा. तळेगाव ढमढेरेच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पगारावर, अर्थशास्त्राला माणूस हवा होता. मुलाखत जूनमध्ये. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं होतं की एम.ए.ची मार्कशीट हातात घेऊन या, पुढचं बघू. तिने कंपनीत अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेव्हासुद्धा आजूबाजूला बघून सांगितलं.

प्रोजेक्ट द्यायच्या आधीच्या गुरुवारी ती संदर्भसूची घेऊन आली. संदर्भसूची म्हणजे शेवटची यादी, कोणकोणते लेख वाचून हे लिहिलं त्याची. देवकर सरांनी ग्रुपवर सूचना टाकली होती की यादीत ग्रुपवर दिलेल्याच लिंक द्याव्यात, तशाच्या तशा, म्हणजे तपासायला सोपं जाईल.

"सर, तुमच्या लिंक लिहू का देवकर सरांच्या? त्यांच्या तर उघडतच न्हाईत."

मला बरोबर उत्तर माहीत होतं. ते देण्यासाठीच मला पगार मिळतो. मी म्हणालो, "सर सांगतात तसं कर. मार्क त्यांच्या हातात आहेत. यादी कोण उघडून बघतंय?"

तिने सरांच्या लिंक लिहिल्या.

बावीस प्रोजेक्ट होती. तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी एकवीस प्रोजेक्ट चाळली, नाव विचारलं, विषय विचारला, सही केली. बाविसावं करुणाचं. ते त्यांना आवडलं. आवडलं म्हणून त्यांनी ते वाचायला घेतलं आणि एका लेखाबद्दल त्यांना कुतूहल वाटलं. लॅपटॉपवर त्यांनी त्याची लिंक टाइप केली. सेशन संपलं. दुसरी टाकली. सेशन संपलं. तिसरी. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

हल्ली एआयला सांगितलं की ते निबंध लिहून देतं आणि खाली संदर्भांची यादीही देतं. त्यातले कित्येक लेख जगात कुठेच नसतात. नावं खरी वाटतात, लिंक मात्र उघडत नाहीत. परीक्षकांना हे माहीत होतं. आणि समोर पॅकिंगमध्ये काम करणारी मुलगी, तिचं इतकं चांगलं प्रोजेक्ट, आणि एकही लिंक उघडत नाही.

त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

चार वाजता ती लायब्ररीत आली तेव्हा परीक्षकांची गाडी गेली होती. जाताना ते लेखी शेरा देऊन गेले होते, 'संदर्भ पडताळता आले नाहीत, ते अस्तित्वात नसल्याचा संशय, चौकशी होईपर्यंत निकाल राखून ठेवावा.' तिने तो मला तोंडपाठ सांगितला.

"तू सांगितलं नाहीस त्यांना? या लिंक देवकर सरांनी दिल्यात म्हणून?"

"सर तिथंच बसले व्हते ना, शेजारच्या खुर्चीत." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, ते बोलतील."

"काय म्हणाले ते?"

"कायबी न्हाई. फोनमध्ये बघत व्हते."

मला राग आला. खूप राग आला. आणि रागात मी जे करतो तेच केलं, कागद काढले. एकतीस लेखांची पहिली पानं छापली. मग करुणाची लेखी संमती घेतली आणि तिच्या आयडीची नोंद काढली. आमच्या सिस्टीममध्ये कोणत्या आयडीने कोणता लेख कधी आणि किती वेळ उघडला हे सगळं राहतं. तिच्या नोंदी पाहून मला भरून आलं. सकाळी बस सुटायच्या वेळी लेख उघडलेला, कंपनीचं गेट येईपर्यंत चालू. संध्याकाळी पुन्हा तोच, जिथे थांबली होती तिथून पुढे. महिनोन् महिने.

त्याच पडद्यावर मला देवकर सरांची नोंदही दिसली. त्यांनी शोधाच्या यादीतून लिंक घेतल्या होत्या. पुढे जाऊन पूर्ण लेख एकही उघडला नव्हता. ती नोंद मी छापली नाही. वाचकाची नोंद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दाखवायची नाही, ही आमच्या व्यवसायातली शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. पण शिस्त पाळणं त्या दिवशी माझ्या फार सोयीचं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन प्राचार्य मॅडमकडे गेलो.

"मॅडम, लेख खरे आहेत. ही त्यांची पहिली पानं. आणि ही तिच्या वाचनाची नोंद."

मॅडमनी चष्मा लावून सगळं पाहिलं. त्या वाईट बाई नाहीत. "मग अडचण काय आहे?"

"लिंक. देवकर सरांनी दिलेल्या लिंक मेलेल्या होत्या. बावीसही प्रोजेक्टमध्ये त्याच आहेत. परीक्षकांनी एकच नीट वाचलं."

मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. सर लॅपटॉप घेऊनच आले. "माझ्याकडे उघडतात," ते म्हणाले. "दाखवतो." त्यांनी दाखवायला घेतलं. उघडली नाही. लिंक घेऊन आता कित्येक महिने झाले होते. सरांनी पुन्हा दाबली. मग म्हणाले, "सर्व्हर डाऊन असेल."

"सर, ती सेशन लिंक आहे," मी म्हणालो. "ती दुसऱ्याच्या फोनवर कधीच उघडत नव्हती."

"मग मुलांनी तपासायला नको का? एम.ए.ची मुलं आहेत."

"तिने तपासलं होतं. ग्रुपवर लिहिलंही होतं."

"एकटीने. बाकी सगळ्यांची उघडत होती." सरांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळले. "आणि साळवे, तुम्हीपण होता की त्या ग्रुपवर. लिंक उघडत नव्हती तर तुम्ही का बोलला नाहीत? तुमचंच काम आहे ना ते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गठ्ठ्याची कडा सारखी करत राहिलो. त्या माणसाने सबंध प्रकरणात एकच वाक्य खरं उच्चारलं, आणि ते माझ्याबद्दल होतं.

सर गेल्यावर मॅडमनी दार लोटलं. कॉलेज तपासणीची समिती महिन्याभरात येणार होती. देवकर सरांचे भाऊ संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, गावच्या सोसायटीवरही आहेत. हे मॅडमनी सांगितलं नाही. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"विभागाची चूक आहे असं विद्यापीठाला कळवलं तर बावीस निकाल अडकतील, साळवे सर. पुन्हा चौकशी, पुन्हा परीक्षक. ऑगस्ट उजाडेल. तिची मुलाखत जूनमध्ये आहे म्हणता ना?"

"हो."

"मग असं करू. तिच्याकडून एक पत्र घ्या. लिंक नोंदवताना माझ्याकडून चूक झाली, क्षमस्व, एवढंच. तुमचे कागद मी सोबत जोडते. लेख खरे आहेत हे सिद्ध होतंच आहे. आठ दिवसांत निकाल लागेल." मग म्हणाल्या, "तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल ती."

माझं का ऐकेल, हे मी विचारलं नाही. आम्ही दोघंही बौद्ध. तिची वस्ती खुटबावला, माझी यवतला, दोन्हींच्या तोंडाशी तोच निळा झेंडा. आपला माणूस म्हणून ती माझं ऐकेल, हे मॅडमनी बरोबर ताडलं होतं. आणि मी ते वापरू दिलं.

पत्र मीच टाइप केलं. चार ओळी होत्या. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर, ज्यावर तिच्यासाठी एकतीस लिंकचं पान बनवलं होतं त्याच.

करुणाने ते उभ्याने वाचलं. "सर, चूक माझी हाय का?"

"नाही."

"मग मी कशापायी लिहून द्यायचं?"

"निकालासाठी. पत्र दिलंस तर मार्कशीट वेळेवर मिळेल. नाही दिलंस तर वर्ष जाईल. एकदा नोकरी लागली की हे कागद कोण बघतंय?"

यादी कोण उघडून बघतंय, हे मीच तिला एकदा सांगितलं होतं. ते तिलाही आठवलं असणार, कारण ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर करते." तिने सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

मॅडमनी शब्द पाळला. निकाल आठ दिवसांत लागला. प्रोजेक्टला जेमतेम पास होण्यापुरते मार्क. पण मार्कशीट आली, ती मुलाखतीला गेली. मी त्या दिवशी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला.

त्यानंतर ती आली ती जुलैमध्ये, एका गुरुवारी, नो ड्यूजचा फॉर्म घेऊन. कॉलेज सोडताना कोणाचं काही देणं नाही असा तो फॉर्म असतो. त्यावर ग्रंथपालाची सही लागते.

"काय झालं मुलाखतीचं?" मी विचारलं.

"चांगली झाली. शिकवून दाखवायला लावलं. आवडलं म्हणले. मग त्यांनी आपल्या कॉलेजला फोन लावला, चौकशीला. देवकर सरांनी घेतला."

"काय बोलले?"

"पोरगी हुशार हाय म्हणले. कष्टाळू हाय. प्रोजेक्टमध्ये संदर्भांचं एक प्रकरण झालं व्हतं, पण तिनं चूक कबूल केली, तसं पत्र हाय आमच्या फाइलला." ती फॉर्मची घडी उलगडत होती. "खोटं काय बोलले न्हाईत सर ते. चांगलंच बोलले म्हणायचं."

"त्यांनी दुसरं कोणी घेतलं?"

"व्हय."

मला माफी मागायची होती. पण आमच्या कॉलेजात एक माफी आधीच फाइलला लागलेली होती, तीही मीच टाइप केलेली. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं, करुणा. तेव्हाच ग्रुपवर लिहायला पाहिजे होतं."

"व्हय सर," ती म्हणाली. "लिहायला पायजे व्हतं."

तिने नाही म्हणावं, असू द्या म्हणावं, अशी माझी आशा होती. ती तसं म्हणाली नाही, आणि बरंच झालं. मी फॉर्मवर सही केली. सही केली की विद्यार्थ्याचा आयडी बंद करावा लागतो. वर्गणीचा तो नियम आहे. तिच्यासमोरच मी बंद केला.

"ते पान उघडंल का आता?" तिने विचारलं.

"पान उघडेल. लेखाशी गेलीस की आयडी मागेल."

"आसू द्या," म्हणाली आणि गेली. ती अजून पॅकिंगलाच आहे. एका मुलीकडून कळलं की सुपरवायझर झाली.

समिती आली आणि गेली. कॉलेजला बरी श्रेणी मिळाली. माझं एकतीस लिंकचं पान समितीला फार आवडलं म्हणे. ते देवकर सरांनी दाखवलं. त्यानंतर कॉलेजात ई-रिसोर्स समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष देवकर सर झाले.

या वर्षी नवी बॅच आली, नवा ग्रुप झाला. मागच्या सोमवारी सरांनी ग्रुपवर लिंक टाकली. पाच ओळी लांब. खाली भराभरा जोडलेले हात आले. मी दाबून पाहिली. तुमचं सेशन संपलं आहे.

मी लेबलं बाजूला ठेवली आणि लिहिलं, 'सर, लिंक उघडत नाही. याच लेखाची कायमची लिंक खाली देत आहे. सर्वांनी ही वापरावी, प्रोजेक्टमध्येही हीच द्यावी.' पाठवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आकाश कोसळलं नाही. मी कशाला घाबरत होतो इतका, हे मला आजही धड सांगता यायचं नाही.

सरांचं उत्तर आलं, 'बाकी सगळ्यांची उघडते.' चार जणांनी लिहिलं, 'हो सर, उघडते.'

वाचकांनी यातून घ्यायचं ते फार मोठं नाही. कोणालाही लिंक पाठवण्याआधी लॉगआउट व्हा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर दाबून बघा. आणि कोणी एकटं म्हणालं की उघडत नाही, तर आभार मानायच्या आधी तीही दाबून बघा.

दुपारी मॅडमनी बोलावलं. "साळवे सर, तुमची थोडी वर्षं राहिलीत. सगळ्या मुलांसमोर ग्रुपवर लिहायची काय गरज होती?"

"गरज मागच्या बॅचला होती, मॅडम," मी म्हणालो. "तेव्हा लिहिलं नाही."